डिस्कला झोपवण्याआधी : ड्रायव्हर लिहिणाऱ्या अभियंत्यांना खुले पत्र

प्रति,
साठवण उपकरणांचे ड्रायव्हर आणि फर्मवेअर (उपकरणाच्या आतला प्रोग्राम) लिहिणारे, तसेच लिनक्सची वितरणे (वापरण्यास तयार आवृत्त्या) घडवणारे मराठी अभियंते,
पुणे आणि अन्यत्र

स. न. वि. वि.

हार्ड डिस्क, एसएसडी आणि यूएसबीने जोडल्या जाणाऱ्या डिस्क यांच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्यप्रणालीच्या ज्या भागातून डिस्क चालते त्यात, वीजबचतीचे जे डिफॉल्ट (कोणी न बदलल्यास लागू राहणारे मूल्य) आपण ठरवता, त्याविषयी हे पत्र आहे. मी एका तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचे आणि देखभालीचे काम करतो. वाचनालये, शाळा, पतसंस्था, फोटो स्टुडिओ, झेरॉक्सची दुकाने हा माझा गिऱ्हाईकवर्ग आहे, आणि त्यांच्या बऱ्याच जुन्या यंत्रांवर आज लिनक्स ही कार्यप्रणाली चालते. डिस्कची वीजबचत कुठे बदलतात हे त्यांच्यापैकी कोणी कधी पाहिलेले नाही, आणि त्यांनी ते पाहावे अशी अपेक्षा ठेवणेही योग्य नाही. आपण ड्रायव्हरमध्ये जे मूल्य लिहिले तेच त्यांच्या यंत्रात वर्षानुवर्षे राहते. म्हणून माझी विनंती एवढीच आहे की, ज्या निवडीत झालेली चूक पुन्हा भरून काढता येत नाही, ती निवड डिफॉल्ट असू नये.

येथे चूक दोन बाजूंनी होऊ शकते, पण त्या दोन चुका एका तोलाच्या नाहीत. वीजबचत चालू ठेवता आली असती तरी ती बंद राहिली, तर लॅपटॉपची बॅटरी थोडी लवकर उतरते आणि यंत्र थोडे अधिक तापते. हे नुकसान दिसते, मोजता येते आणि एक सेटिंग बदलले की त्याच दिवशी थांबते. याउलट, ज्या डिस्कला खोल झोप (काम नसताना वीज वाचवण्यासाठी जवळपास बंद होणे) सोसत नाही तिच्यावर ती लादली गेली, तर डिस्क अचानक बसवरून (तिला यंत्राशी जोडणाऱ्या मार्गावरून) नाहीशी होते, अर्धवट लिहिलेली फाइल तशीच राहते आणि कधीकधी पूर्ण फाइल सिस्टिम बिघडते. त्यातही वाईट म्हणजे या बिघाडाचे कारण कोणालाच कळत नाही. गिऱ्हाईक म्हणते, "डिस्क खराब निघाली". दुकानदार ती बदलून देतो. आणि नव्या डिस्कवर तेच सेटिंग पुन्हा लागू होते. आपल्यापर्यंत अशा बिघाडांतला फार थोडा भाग तक्रार म्हणून पोहोचत असणार, आणि तक्रारी कमी म्हणजे डिफॉल्ट सुरक्षित, असा निष्कर्ष त्यावरून काढला जाण्याची मला भीती वाटते.

वीजबचतच नको, असे मी म्हणत नाही. डिस्क मदरबोर्डला जोडण्याच्या साटा जोडणीचे उदाहरण घ्या. या जोडणीला दोन प्रकारची झोप माहीत आहे. हलक्या झोपेतून ती जास्तीत जास्त १० मायक्रोसेकंदांत जागी व्हावी आणि खोल झोपेतून १० मिलिसेकंदांत, असे मानकातच ठरलेले आहे. झोपेचा पुढाकार यजमान (म्हणजे संगणक) घेऊ शकतो तसाच डिस्कही घेऊ शकते. ही जोडणी सतत जागी ठेवली, तर हॅसवेल पिढीच्या आणि त्यानंतरच्या इंटेल प्रोसेसरांच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरलाही आपल्या सर्वांत खोल विश्रांतीत जाता येत नाही. म्हणजे डिस्कपाशी केलेल्या कंजुषीचा खरा लाभ डिस्कच्या बाहेरच मिळतो. प्रवासात लॅपटॉपवर अवलंबून असणाऱ्या माणसाला हा लाभ नाकारण्याचे काही कारण नाही.

पण हाच लाभ मिळवण्याचे दोन मार्ग होते आणि लिनक्सने ते दोन्ही पाहिले आहेत. पहिला मार्ग 'मिनिमम पॉवर' या धोरणाचा. त्यात यजमान स्वतःच जोडणीला शक्य तितक्या खोल झोपेत ढकलतो. बॅटरी वाचवण्याचे सल्ले देणाऱ्या लेखांत हे धोरण एकेकाळी सर्रास सुचवले जाई, आणि त्यामुळे काही डिस्कवरील डेटा बिघडला. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बांधणीतील मदतमजकुरातच हे धोरण काही डिस्कवर डेटा बिघडवण्यापर्यंत अडचणी आणते, म्हणून ते वापरू नये, असा इशारा आहे. दुसरा मार्ग कर्नलचे विकासक हान्स डी गोडे यांनी आणला. २०१८ च्या सुरुवातीच्या कर्नलांमध्ये त्यांनी एक मधले धोरण उपलब्ध करून दिले, ज्यात यजमान हलक्या झोपेपुरताच पुढाकार घेतो आणि डिस्कला तिच्या सोयीने झोपण्याची मोकळीक देतो. मे २०१८ मध्ये आलेल्या फेडोरा २८ या वितरणाने लॅपटॉपसाठी तेच डिफॉल्ट केले.

या निवडीमागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. हे मधले धोरण म्हणजे विंडोजवरील इंटेलचा साठवण ड्रायव्हर जे डिफॉल्ट वापरतो त्याच्याशी जुळणारे धोरण होते. डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आपले उत्पादन ज्या परिस्थितीत सर्वाधिक तपासतात, त्याच परिस्थितीत ते चालवायचे, म्हणजे आपल्या वाट्याला नवीन दोष येण्याची शक्यता कमी होते. मानक काय परवानगी देते यापेक्षा प्रत्यक्षात काय तपासले गेले आहे याला त्यात महत्त्व दिले होते. इतके करूनही काही डिस्क सुटल्याच. क्रुशलची एमएक्स१०० आणि सॅमसंगच्या काही जुन्या डिस्क यांच्यासाठी जोडणीची वीजबचत पूर्ण बंद ठेवणाऱ्या नोंदी कर्नलमध्ये कराव्या लागल्या. सौम्य आणि जपून निवडलेल्या डिफॉल्टलाही इतके अपवाद लागतात, तर आक्रमक डिफॉल्टला किती लागतील, याचा विचार आपण करावा.

एनव्हीएमई या एसएसडींच्या वेगवान जोडणीच्या बाबतीत मात्र अंदाज पुरेसा जपून केला गेला नाही, असे माझे मत आहे. २०१७ च्या ४.११ कर्नलपासून या डिस्कना आपण होऊन खोल अवस्थांत उतरण्याची मुभा डिफॉल्ट मिळाली. आपल्याकडे कोणकोणत्या अवस्था आहेत, प्रत्येकीत जायला आणि तिच्यातून यायला किती वेळ लागतो, हे डिस्क स्वतः सांगते, आणि ड्रायव्हर त्या वेळांची बेरीज एका मर्यादेशी ताडून पाहतो. ही मर्यादा आज १,००,००० मायक्रोसेकंद, म्हणजे एक दशांश सेकंद आहे. हिशेब स्वच्छ आहे, पण तो चुकीच्या प्रश्नाचा आहे. डिस्क किती वेळात जागी होते हे त्यातून कळते; ती प्रत्येक वेळी जागी होतेच का, हे कळत नाही. किंग्स्टनच्या ए२००० या डिस्कसाठी सर्वांत खोल अवस्था टाळण्याची नोंद २०२१ मध्ये करावी लागली. त्याआधी सॅमसंगच्या काही डिस्क डेलच्या नेमक्या दोन लॅपटॉपांवरच, एक्सपीएस १५ ९५५० आणि प्रिसिजन ५५१० यांवर, बसवरून निसटत असल्याचे आढळले होते आणि ड्रायव्हरमध्ये त्या जोडीपुरता अपवाद लिहावा लागला होता. म्हणजे दोष कधी डिस्कमध्ये असतो, कधी मदरबोर्डमध्ये आणि कधी दोघांच्या संगतीत. डिस्कने स्वतःबद्दल दिलेल्या माहितीतून असा दोष दिसणे शक्यच नाही.

हा बिघाड माझ्यासमोर टेबलावर कसा दिसतो, हे सांगणे आवश्यक आहे, कारण प्रयोगशाळेत तो असा दिसत नसेल. यंत्र काही काळ रिकामे पडून असते. माणूस परत येऊन माउस हलवतो, तर बाण नेहमीसारखा फिरतो. उघडी असलेली खिडकी वरखाली सरकते, कारण ती मेमरीत आहे. नवीन काही उघडायला गेले की काहीच होत नाही, किंवा 'इनपुट-आउटपुट एरर' असे उत्तर येते. तेवढ्यात नशिबाने टर्मिनल उघडे असेल, तर कर्नलच्या संदेशांत कंट्रोलर (डिस्क चालवणारी चिप) बंद पडल्याची ओळ असते आणि त्याच्या स्थितीच्या जागी सगळेच्या सगळे 'एफ' दिसतात. म्हणजे बसच्या त्या टोकाला उत्तर द्यायला कोणी उरलेलेच नाही. फाइल सिस्टिम केवळ वाचनापुरती होते. आणि ही सगळी हकिकत ज्या लॉगमध्ये उतरायला हवी, तो लॉग त्याच नाहीशा झालेल्या डिस्कवर असतो, त्यामुळे यंत्र पुन्हा सुरू केल्यावर काहीच घडले नव्हते असे चित्र उरते. गिऱ्हाईकाची तक्रार एवढीच असते की "मध्येच अडकतो, बंद करून चालू केला की चालतो". मोबाइलने पडद्याचा फोटो काढून ठेवा, असे मी आता प्रत्येकाला सांगतो, कारण दुसरा पुरावा हाती येत नाही.

अलीकडच्या कर्नलांमध्ये अशा वेळी ड्रायव्हर स्वतःच विचारतो की, या उपकरणाची वीजबचत सदोष तर नाही ना, आणि ती बंद करून पाहण्याचा उपाय पुढच्याच ओळीत देतो. ज्यांनी ही ओळ लिहिली त्यांचे मी मनापासून आभार मानतो. पण ती ओळ पडद्यावर येईपर्यंत डिस्क गेलेली असते. ज्या ड्रायव्हरला आजार ओळखता येतो, त्याला पुढच्या वेळी तो टाळताही यायला हवा.

याच कारणाने, सदोष उपकरणांच्या अपवादयादीवर सगळी भिस्त ठेवण्याला माझा आक्षेप आहे. यादीतील प्रत्येक ओळ कोणाच्या तरी बिघडलेल्या यंत्रावरून लिहिली गेली आहे. म्हणजे ही पद्धत प्रत्येक नव्या मॉडेलमागे आधी कोणाचे तरी नुकसान होण्याची वाट पाहते. शिवाय यादी कर्नलसोबत गोठते. आमच्याकडे लिनक्स बसते ते बहुधा कोणीतरी वर्ष-दोन वर्षांपूर्वी बनवून ठेवलेल्या पेन ड्राइव्हवरून, आणि इंटरनेट धड नसलेल्या शाळेत ते पुढे कित्येक महिने अद्ययावत होत नाही. त्या पेन ड्राइव्हनंतर बाजारात आलेली डिस्क त्या यंत्राच्या दृष्टीने निर्दोषच असते. तिसरी अडचण स्वस्त डिस्कची. पुठ्ठ्याच्या खोक्यावर नाव आणि मॉडेल तेच, पण आतला कंट्रोलर आणि फ्लॅश चिप बदललेल्या, हे आता इतके सर्रास झाले आहे की, नावावरून ओळख पटवणारी यादी एखाद्या वेळी निर्दोष डिस्कला अडवते आणि सदोष डिस्कला सोडते.

तपासून पसंत केलेल्याच उपकरणांना खोल झोपेची परवानगी द्यावी, असे म्हटले तर आपण म्हणाल की, ती यादी कधीच पुरी होणार नाही आणि प्रत्येक नव्या लॅपटॉपची बॅटरी विनाकारण उतरत राहील. हा युक्तिवाद मला मान्य आहे. मात्र सर्वांत खोल आणि सर्वांत उथळ यांच्यामध्ये पायऱ्या आहेत. अनोळखी डिस्कला सर्वांत खोल अवस्था सोडून बाकीच्या द्याव्यात. बचतीचा बराच भाग त्यातच पदरात पडतो. त्या यंत्रावर ती डिस्क वारंवार विनातक्रार जागी होते आहे असे दिसल्यावर पुढची पायरी उघडावी, आणि झोपेनंतर एकदा जरी कंट्रोलर रीसेट करावा लागला, तरी ड्रायव्हरने आपण होऊन एक पायरी वर यावे.

हे मी काही नवे मागत नाही. साटाच्या ड्रायव्हरमध्ये वेगाच्या बाबतीत हेच तत्त्व अनेक वर्षांपासून आहे. केबल खराब असेल आणि चुका वारंवार येऊ लागल्या, तर ड्रायव्हर जोडणीचा वेग ६ गिगाबिटवरून ३ वर आणि तिथून दीडवर उतरवतो आणि तसे लॉगमध्ये लिहितो. वापरकर्त्याला काही करावे लागत नाही. काम मंदावते, पण थांबत नाही. वेगाबाबत जो सावधपणा आपल्याला आवश्यक वाटला, तोच झोपेच्या खोलीबाबत का नसावा, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. एकदा शिकलेला धडा पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना आठवावा, यासाठी तो कुठेतरी साठवावा लागेल. ते काम ड्रायव्हरचे नसेल तर वितरणांनी करावे; उपकरणनिहाय सेटिंग सुरुवातीलाच लावण्याची सोय प्रत्येक वितरणात आजही आहे.

आता फिरत्या डिस्कविषयी. वेस्टर्न डिजिटलच्या ग्रीन मालिकेतील डिस्क ८ सेकंद काम नसले की हेड (तबकडीवर लिहिणारा-वाचणारा भाग) बाजूला नेऊन ठेवीत. स्वतंत्रपणे पाहिले तर यात काही गैर नाही. लिनक्सची एक्स्ट४ फाइल सिस्टिम दर ५ सेकंदांनी आपली नोंद डिस्कवर उतरवू शकते आणि मेमरीत साचलेला मजकूर साधारण ३० सेकंदांत लिहायला काढते. यातही काही गैर नाही. पण दोन्ही एकत्र आले की, हेड बाजूला जाते आणि लगेच एखाद्या किरकोळ लॉगसाठी परत बोलावले जाते. समजा हे दर ३० सेकंदांनी एकदा घडले, तर तासाला १२० आणि दिवसाला २,८८० फेऱ्या होतात. ज्या हेडची हमी ३ लाख फेऱ्यांची आहे, त्याचे आयुष्य अखंड चालणाऱ्या यंत्रात साडेतीन महिन्यांतच संपते. २००७ च्या सुमारास लॅपटॉपच्या डिस्कबाबत उबुंटू या वितरणाच्या वापरकर्त्यांनी याच कारणाने मोठी ओरड केली होती. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या 'स्मार्ट' नोंदी ठेवते त्यांत 'लोड सायकल काउंट' नावाचा, हेडच्या फेऱ्यांचा आकडा असतो, तो माझ्याकडे आलेल्या जुन्या डिस्कवर मी आधी पाहतो. चालू तासांच्या मानाने तो अवाच्या सवा वाढलेला दिसला, तर डिस्क अजून चालत असली तरी तिच्यावरचा डेटा मी त्याच दिवशी हलवतो. फर्मवेअर लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की, त्या ८ सेकंदांसारखा अवधी ठरवताना कार्यप्रणाली किती वेळाने लिहिते याचा हिशेब धरावा; आणि वितरणांनी, बॅटरीवर चालताना डिस्कची वीजबचत पातळी १२८ च्या खाली नेणाऱ्या स्क्रिप्ट डिफॉल्ट चालू ठेवू नयेत, कारण त्या खालच्या पातळ्यांवर डिस्कला फिरणेच थांबवण्याची मुभा मिळते.

या सगळ्यापेक्षाही मला यंत्र बंद होण्याच्या क्षणाची काळजी अधिक वाटते. डिस्कला 'आता थांब' अशी आज्ञा मिळाली, तर ती कॅशमधला (तात्पुरत्या मेमरीतला) मजकूर तबकडीवर उतरवते, हेड सावकाश जागेवर ठेवते आणि मग फिरणे थांबवते. आज्ञा न देता वीज तोडली, तर फिरत्या तबकडीत उरलेल्या गतीतूनच वीज निर्माण करून तिला हेड घाईने मागे खेचावे लागते. कान देऊन ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक कळतो. पहिल्या प्रकारात मोटर मंदावत जाण्याचा आवाज येतो, दुसऱ्यात एक तीक्ष्ण 'टक्' होते. लॅपटॉपच्या काही डिस्कच्या माहितीपत्रकांत नेहमीच्या पद्धतीने हेड ठेवण्याची हमी ६ लाख वेळांची आणि अशा आणीबाणीची २० हजार वेळांची दिलेली आढळते. एसएसडीत हलणारे काही नसले, तरी कोणता मजकूर कोणत्या चिपमध्ये आहे याचा नकाशा तिच्या मेमरीत असतो, आणि तो फ्लॅशवर उतरवायला तिलाही सूचना आणि थोडा वेळ लागतोच.

एवढी महत्त्वाची आज्ञा लिनक्समध्ये एका ध्वजावर, म्हणजे हो-नाही सांगणाऱ्या खुणेवर, अवलंबून आहे, आणि तो ध्वज मुळात खाली असतो; ज्या उपड्रायव्हरला तो उभारायचा असेल त्याने उभारावा, अशी रचना आहे. यातून काय होऊ शकते याचा दाखला २०२३ च्या उत्तरार्धात मिळाला. झोपेतून जागे होताना साटाच्या डिस्कवर येणारी एक अडचण सोडवण्यासाठी हा एकच ध्वज दोन भागांत विभागण्यात आला, आणि झोप-जागेपणाचे काम साटाच्या ड्रायव्हरने स्वतःकडे घेतले. मूळ अडचण खरी होती आणि उपायही विचारपूर्वक केलेला होता. पण त्याच्या आड एक गोष्ट निसटली. यंत्र कायमचे बंद करताना थांबण्याची आज्ञा त्याच ध्वजावर जात असे, ती जाणे बंद झाले. अनपेक्षित वीजभंगाचा स्मार्ट नोंदींतील आकडा प्रत्येक वेळी वाढतो आहे, हे लोकांच्या लक्षात आले, आणि मग केवळ बंद होण्याच्या प्रसंगासाठी तिसरा ध्वज आणावा लागला. ही दुरुस्ती लवकर झाली, याबद्दल संबंधितांचे कौतुकच आहे. तरीही मला असे वाटते की रचना उलट असती, म्हणजे 'यंत्र बंद होताना डिस्क थांबवायची' हे सर्वांना लागू असते आणि ज्यांना ते नको त्यांनी तसे सांगायचे असते, तर त्या फेरफारात ही आज्ञा निसटलीच नसती.

यूएसबीच्या डिस्कबाबत हा मुद्दा अजून मिटलेला नाही. बाहेरील डबीतला पूल-चिप (यूएसबी आणि डिस्क यांना जोडणारी चिप) कोणत्या आज्ञेला काय उत्तर देईल याचा भरवसा नसतो, म्हणून तिथे हात आखडता घेतला जातो, हे मी समजू शकतो. पण आमच्या फोटो स्टुडिओवाल्यांकडे लग्नांचे सगळे काम अशाच डिस्कवर असते, आणि ते 'सेफली रिमूव्ह' न करता थेट लॅपटॉप बंद करतात. लॅपटॉपने त्या पोर्टची वीज तोडली की ती 'टक्' ऐकू येते. थांबण्याची आज्ञा ज्या पूल-चिपना मानवत नाही त्यांचीच यादी करावी, आणि बाकी सगळ्यांना ती आज्ञा मिळावी. यंत्र पुन्हा सुरू होत असेल तेव्हा डिस्क थांबवण्याची गरज नाही, हा आजचा फरक मात्र जसाच्या तसा ठेवावा, नाहीतर प्रत्येक रीबूटला तबकडी विनाकारण थांबून परत फिरेल.

याच संदर्भात आणखी एक जुने गृहीतक तपासून पाहावे. अनेक यूएसबी डिस्क जोडल्यावर कर्नल लिहितो की, या उपकरणाने कॅशबद्दल काही सांगितले नाही, म्हणून मजकूर थेट डिस्कवरच जातो असे आपण धरतो आहोत. आतमध्ये कॅश असूनही पूल-चिपने ती कळवली नाही, तर ती रिकामी करण्याची आज्ञा कधीच जाणार नाही, आणि वीज गेली की लिहून झाले असे वाटणारा मजकूर हरवेल. माहिती नसेल तेव्हा कॅश आहे असेच धरावे. कॅश नसताना ती रिकामी करायला सांगितल्याने वेळ थोडा जाईल, आणि ज्या मोजक्या चिपा त्या आज्ञेने गोंधळतात त्यांना वगळता येईल. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरील डिस्कसाठी वेगाऐवजी 'झटपट काढता येणे' हे डिफॉल्ट केले, म्हणजे वेग थोडा सोडून वापरकर्त्याच्या सवयीशी जुळवून घेतले. लोक डिस्क न सांगता उपसतात हे मान्य करून घेतलेला तो निर्णय होता आणि तो योग्य होता.

महाराष्ट्रातील गावांत या प्रश्नाला वेगळी धार आहे. वीज जाते तेव्हा यंत्र यूपीएसवर येते, आणि तीन-चार वर्षे जुन्या यूपीएसची बॅटरी किती मिनिटे टिकेल हे कोणी सांगू शकत नाही. अशा वेळी बंद होण्याच्या क्रमात डिस्कची कॅश रिकामी करणे आणि तिला थांबवणे ही कामे शेवटच्या क्षणावर ढकलली, तर ती कधीकधी होतच नाहीत. यूपीएसने बॅटरी उतरल्याचे कळवताच फाइल सिस्टिम लिहिण्यासाठी बंद करून कॅश रिकामी करावी, बाकीच्या सेवा मागाहून थांबवाव्यात, असा क्रम वितरणांनी लावून द्यावा. डेटा सेंटरमध्ये जनरेटर असतो आणि तिथल्या एसएसडीत वीज गेल्यावरही काम पुरे करण्यापुरते कपॅसिटर असतात. आमच्या गिऱ्हाईकांकडे यांतले काहीच नसते, म्हणून डिफॉल्ट ठरवताना नजरेसमोर त्यांचे यंत्र असावे.

हे पत्र मराठीत लिहिण्याचे कारणही सांगतो. साठवण प्रणालींचे काम पुण्यात अनेक वर्षांपासून मोठ्या प्रमाणावर चालते. साठवण सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हेरिटाससारख्या कंपनीचे विकासकेंद्र तिथे अनेक वर्षे होते, आणि फर्मवेअरपासून फाइल सिस्टिमपर्यंतच्या कोडमध्ये मराठी अभियंत्यांचा हात आहे. त्या अभियंत्यांपैकी अनेकांच्या गावी, त्यांच्याच शाळेत आणि त्यांच्याच वाचनालयात, मी वर्णन केली तशी यंत्रे आहेत. डिफॉल्ट बदलणारा एखादा पॅच (कोडमधील बदल) तपासायला आपल्यासमोर आला, तर तो पाठवणाऱ्याला एवढे अवश्य विचारावे की, हे मूल्य एखाद्या डिस्कवर चुकीचे ठरले तर वापरकर्त्याला काय दिसेल, आणि त्यातून त्याला काही न करता बाहेर पडता येईल का. याचे उत्तर पॅचसोबतच्या टिपणात लिहिलेले असावे. खोल झोपेची चाचणी घेताना यंत्र तासन्‌तास रिकामे सोडून, वारंवार झोपवून आणि मध्येच वीज तोडून पाहावे, आणि ती बाजारातल्या सर्वांत स्वस्त डिस्कवरही घ्यावी. कंपनीच्या प्रयोगशाळेत बहुधा चांगल्याच डिस्क असतात.

त्या स्वस्त डिस्क आमच्याकडे आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांत माझ्यासारखे देखभाल करणारे तंत्रज्ञ आहेत, आणि त्यांच्या कपाटांत नाव नसलेल्या एसएसडी, हेड झिजलेल्या लॅपटॉपच्या डिस्क आणि तऱ्हेतऱ्हेच्या यूएसबी डब्या पडून आहेत. स्मार्ट नोंदी, कर्नलचे संदेश आणि डिस्कच्या आतल्या चिपांचे फोटो एका ठरावीक नमुन्यात गोळा करून पाठवायला आम्ही तयार आहोत. कोणती माहिती हवी, ती कोणत्या आज्ञेने काढायची आणि गिऱ्हाईकाचा खासगी मजकूर त्यात जाऊ नये म्हणून काय वगळायचे, एवढे आपण सोप्या मराठीत लिहून द्यावे.

आपला,
एक संगणक देखभाल तंत्रज्ञ